पांढऱ्या पानांवरचे तारे

सोमवार, ६ जानेवारी
बालविभाग, दुपारची सुट्टी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल, भावोजींची सकाळची शिंकांची मैफल नेहमीसारखीच रंगत असेल आणि बालवर्गातली पोरं तुला नेहमीसारखीच पिळून काढत असतील, असं धरून चालते. आम्ही मजेत. भिंगरी पाच वर्षांची झाली. पुढचा एक दात हलतोय आणि दिवसातून चाळीस वेळा तो सगळ्यांना हलवून दाखवण्याचा कार्यक्रम असतो. तिचे बाबा कामासाठी महिनाभर बाहेर आहेत, त्यामुळे घरात आम्हा दोघींचंच राज्य.

चार वर्षं आपण वाढदिवसाला दोन मिनिटं बोलतो आणि फोन ठेवतो. आता एकदम पत्र आलेलं बघून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, त्या आधी काढ. फोन केला असता, पण फोनवर तुला माझा आवाज ऐकू येतो आणि आवाजावरून तू काय काय ओळखतेस ते मला पक्कं माहीत आहे. अक्षर जरा मोठं आलंय, हसू नकोस. टेबलावरचं जाड पेन हाताला लागलं, तेच घेतलं.

पत्रास कारण की. बाबा म्हणायचे, हे शब्द लिहिले की पुढच्या ओळीत कारण आलंच पाहिजे, घोळ घालायचा नाही. बघ, घातलाच. तर कारण असं, की आमच्या वाचनालयात लहान मुलांसाठी नवं कपाट आलंय आणि त्यातला एक खण तारे, ग्रह, अवकाश यांच्या गोष्टींना द्यायचा आहे. वय चार ते सात. विक्रेत्याने नमुन्याची चाळीस पुस्तकं पाठवली आहेत, त्यातली बारा मी निवडायची. बावीस वर्षं तू या वयाच्या पोरांना गोष्टी सांगतेस, म्हणून तुला विचारते.

काय एकेक नमुने आहेत म्हणून सांगू! एका पुस्तकात चंद्र रडतो, कारण त्याला कुणी मित्र नाही. आठ पानं नुसता रडतो. एकात दोन भावंडं सकाळी अंघोळ करून रॉकेटमध्ये बसतात आणि जेवायच्या वेळेला ताऱ्यावर पोचतात. जेवण काय, त्यांच्या खापरपणतूंचंसुद्धा जेवण होऊन जाईल, तरी पोचायचे नाहीत. एकात प्रत्येक पानावर इतकी माहिती कोंबलीय, की वाचणारा ऐकणाऱ्याच्या आधी झोपेल. पण काही खरंच गोड आहेत. एक मुलगी खिडकीतून तारे मोजते आणि अकरापर्यंत पोचून झोपते, बस, एवढीच गोष्ट. आणि एक निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आहे, त्यातले तारे उठावाचे आहेत, बोटाला लागतात. ते भिंगरीने पळवलंय. संध्याकाळी मी काम आवरेपर्यंत ती इथेच असते ना, तेव्हा कोपऱ्यात बसून तेच.

मी माझ्यापुरता एक नियम केलाय. काळ्या आणि गडद निळ्या पानांची पुस्तकं नकोत. मुलं अंधाराला घाबरतात, पानं तरी उजळ हवीत. आमच्या मोठ्या ग्रंथपालसाहेबांनी माझी यादी बघितली, एकेक पुस्तक उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या बाराही पुस्तकांत आकाशात दिवसच आहे की!" मी म्हटलं, पांढरं पान डोळ्याला बरं. ते म्हणाले, "कुणाच्या डोळ्याला?" गमतीनेच म्हणाले. मीही हसले.

तुला काय वाटतं? काळ्या पानांना मुलं खरंच घाबरतात का? तुझ्या वर्गात बघून कळव.


बुधवार, ८ जानेवारी

सोमवारचं पत्र टाकलंच नाही. पर्समध्येच आहे. आता त्यालाच जोडून लिहिते.

काल साहेबांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. पडदे लावून गोष्टीचा तास करायचा. खोलीत काळोख, मधे छिद्रं पाडलेल्या डब्यात एक दिवा, छतावर ताऱ्यांचे ठिपके, मुलं चटईवर आडवी आणि मी गोष्ट सांगणार. भरदुपारी रात्र. मी म्हटलं, मुलं घाबरतील. साहेब म्हणाले, "पंधरा मुलं आहेत बाई, पंधरा जण एकत्र कशाला घाबरतील?"

बरोबर होतं त्यांचं. एकही घाबरलं नाही. पडदे ओढल्यावर सगळी आनंदाने किंचाळली आणि "तो बघ, तो बघ" सुरू झालं. मला काही दिसेना. म्हणजे डबा दिसत होता, दिवा दिसत होता. बाकी खोली कुणी पुसून टाकावी तशी गेली. छतही गेलं. मी गोष्ट तोंडपाठ सांगितली. छान सांगितली गं, कुणाला काही कळलं नाही. मग कुणीतरी पाणी मागितलं. मी उठले, दाराकडे जाते असं समजून चार पावलं टाकली आणि माझा पाय एका मुलीच्या हाताच्या बोटांवर पडला.

दोन वेण्या घालणारी, बडबडी, साडेपाच वर्षांची. ती रडली त्याहून जास्त माझी पाचावर धारण बसली. पडदे उघडले, बोटं पाण्याखाली धरली. मोडलं नाही काही, नुसती लाल झाली होती, तरी एकाला पट्टी बांधली. तिची आई आली तेव्हा मी सांगितलं, चटई सरकली, माझा तोल गेला. चटई भिंतीपासून भिंतीपर्यंत आहे, ताई. ती कुठे सरकणार? पण तिच्या आईने मान डोलावली, आणि उलट मलाच विचारलं, तुम्हाला लागलं नाही ना?

आता तू म्हणशील, ही मला पुस्तकं निवडायला विचारतेय की काय सांगतेय? थांब. मलाही वळणावळणानेच जाता येतंय.

मला बाबांच्या शाळेतला तो दिवस आठवला, नवं पाठ्यपुस्तक आलं तो. तू त्यांच्याच वर्गात, पहिल्या बाकावर. मी लहान होते, पण तू घरी येऊन आईला सांगितलंस ते मी दाराआडून ऐकलं होतं. नवं पुस्तक त्याच सकाळी आलं, बाबांनी ते हातात धरलं, पान उलटलं आणि मागच्या वर्षीचा धडा घडाघडा वाचायला लागले. एक शब्द चुकला नाही. वर्ग आधी गप्प झाला आणि मग हसला. त्या संध्याकाळपासून तू रोज त्यांना नवे धडे वाचून दाखवायचीस आणि ते पाठ करायचे. तीन वर्षं. आई म्हणायची, बाहेर बोलू नका. आपण नाही बोललो. कोंबडं झाकून ठेवलं, तरी तांबडं फुटायचं ते फुटलंच.

ते झाकणं मी तिथेच शिकले गं. फार चांगली शिकले.

दोन वर्षं झाली. आधी नुसतं थिएटरमध्ये खुर्ची सापडेना. मग जिना. मग संध्याकाळी रस्ता ओलांडताना मी भिंगरीचा हात धरते असं लोकांना वाटतं, पण खरं तर मी तिला धरून चालते. आता काळ्या पानावरची पांढरी अक्षरं. ती पानं मुलांसाठी नको म्हटली नव्हती. मला वाचता येत नाहीत म्हणून काढली. चाळीसमधली अठ्ठावीस.

बस, झालं लिहून. उद्या पोस्टात टाकते.


शुक्रवार, १० जानेवारी

नाही टाकलं. आणि बरंच झालं, कारण परवा मला वाटत होतं की सगळं सांगून झालं.

काल विक्रेत्याने निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा दुसरा भाग पाठवला. तोच निळा पुठ्ठा, तोच आकार, आत गोष्ट वेगळी आणि तारे नुसते छापलेले. उठावाचे नाहीत. संध्याकाळी भिंगरीने ते आपलंच समजून उचललं आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यात बसून "वाचायला" लागली. पहिल्या भागातली गोष्ट. अख्खी, पान उलटण्याच्या जागेसकट. मला हसू आलं. ताई, या वयाची सगळी पोरं असंच वाचतात, तू मला शंभरदा सांगितलंयस. मी हसतच तिच्याजवळ जाऊन बसले.

मग ती थांबली. पानावर बोट फिरवायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर, खाली, पुन्हा वर. मला म्हणाली, "आई, या पुस्तकात तारे नाहीत."

मी पान बघितलं. गडद निळं, जवळजवळ काळं पान. आणि मी म्हणणार होते, हो गं, नाहीत. शब्द तोंडात आले होते.

तेवढ्यात शेजारून ती दोन वेण्यांची मुलगी डोकावली, बोटाला अजून पट्टी आहे तिच्या. म्हणाली, "वेडी आहेस का? किती तरी आहेत! हा एक, हा दोन, हा तीन..." आणि पट्टीवाल्या बोटाने एकेक तारा दाखवत सुटली. भिंगरी पानाकडे बघत नव्हती. ती त्या मुलीच्या बोटाकडे बघत होती. मग हसली आणि तिच्याबरोबर मोजायला लागली. हा चार, हा पाच. प्रत्येक आकडा त्या मुलीच्या मागून, जरासा उशिरा. बाबा नव्या माणसाच्या घरात शिरताना आपल्या मागून जसे पाऊल टाकायचे, तसं.

पाच वर्षांची आहे गं ती. तिला हे कुणी शिकवलं?

मी ते पुस्तक घेऊन खिडकीशी गेले, थोडं ऊन होतं, त्यात धरलं. होते गं तारे. बारीक, चंदेरी, पान भरून होते.

रात्री तिला विचारलं, खोलीतला दिवा घालवल्यावर तुला काय दिसतं? ती म्हणाली, "काहीच नाही. दिवा घालवल्यावर कुणालाच दिसत नाही ना?" मी म्हटलं, झोप आता. तिला वाटतं सगळ्यांचं असंच असतं. मलाही लहानपणी तसंच वाटायचं का, आठवून आठवून बघतेय.

कदाचित तसं काहीच नसेल. कोपऱ्यात उजेड कमी होता, छपाई फिकी होती, मी घाबरलेली आहे आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस. हे सगळं मी स्वतःला कालपासून सांगतेय. पण चटई सरकली हेही मीच सांगितलं होतं.

चार वर्षांपूर्वी, बाबांचं आपल्यात उतरलंय का म्हणून, तू स्वतःचे डोळे तपासून घेतलेस आणि मला म्हणालीस, तूही घे, आणि मुलीचेही पुढे-मागे बघावे लागतील. भिंगरी वर्षाची होती, माझ्या कडेवर होती. मी तुला म्हटलं, तुझे चांगले निघाले ना, मग मिरव आता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ते वाक्य मी रोज ऐकते. तू मिरवत नव्हतीस, मला सांभाळत होतीस. मला तेव्हाही कळलं होतं, म्हणूनच एवढा राग आला. चुकलं माझं, ताई. लिहायला चार वर्षं लागली.

आज सकाळी नवी यादी साहेबांना दिली. बारातली आठ काळ्या पानांची. त्यांनीच सुचवलेली घेतली, ती चांगली आहेत यावर विश्वास ठेवून. मुलांना रात्र हवी असते, मंगळवारी माझ्यासमोर पंधरा जण आनंदाने किंचाळले होते. उठावाच्या ताऱ्यांचं पुस्तक मात्र एकाऐवजी दोन घ्या म्हटलं. का, ते साहेबांना अजून सांगितलं नाही. तिच्या बाबांनाही नाही. आधी तुला.

तर पत्रास कारण की.

पुढच्या गुरुवारी, १६ तारखेला, सकाळी अकरा वाजता मी दोघींची वेळ घेतली आहे. तुझ्याच डॉक्टरांकडे, नाव माझ्या लक्षात होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, डोळ्यांत थेंब घातल्यावर दोघींनाही तीन-चार तास नीट दिसणार नाही, तेव्हा सोबत दिसणारं माणूस आणा. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

मी फार घाबरले आहे. माझं काय व्हायचं ते होऊ दे, त्याची आता सवय होत आलीय. तिचं काय निघेल ते ऐकायला मला एकटीला बसवू नकोस. एकटी गेले तर मी दारातून परत फिरेन आणि घरी येऊन तिच्याकडून अजून एक पुस्तक पाठ करून घेईन. मला तेवढंच येतं.

येशील का? उत्तर पाठवशील तर जाड पेनाने लिही, काळ्या शाईने, पांढऱ्या कागदावर. ओळीत अंतर ठेव. बाबांना लिहायचीस तसं.

तुझी,
धाकटी