साठला आरसा थरथरायचा

विलो क्रीक रोड, मोंटाना
११ जून २०१९, मंगळवार

प्रिय विनी,

तुझं पत्र आणि टेसचा पुढचा दात पडल्याचा फोटो, दोन्ही पोचलं. तुझा गुडघा आता बरा असेल असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. वारा आहे, पण तो कधी नसतो? बागेतला रुबार्ब यंदा असा माजलाय की जॅमच्या बाटल्या संपल्या, आता काकडीच्या लोणच्याच्या बाटल्या धुऊन घेतल्यात. जॅमला शेपूचा वास आला तर टेसला समजावून सांग.

अक्षर मोठं आलंय, हसू नकोस. जाड पेननं लिहितेय, एका पानावर नऊ ओळी मावतात. कॉन्व्हेंटच्या सिस्टर स्कोलास्टिकानं पाहिलं असतं तर बोटांवर पट्टी बसली असती. फोनच केला असता, पण फोनवर मी प्रत्येक गोष्टीचा विनोद करते, तू हसतेस आणि बोलायचं ते राहून जातं. अठ्ठावीस तारखेला टेसला आणायला विमानतळावर जाशील ना, असं तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी रुबार्बबद्दल बोलले. त्याचं उत्तर या पत्रात आहे.

आधी बातमी. मला वेगाच्या दंडाची तिसरी पावती मिळाली. एप्रिलपासूनची तिसरी. पस्तीस मैलांच्या पाटीला मी बासष्टनं जात होते.

गावात तर मी प्रसिद्धच झालेय. गुरुवारी कॅफेत पाऊल टाकलं की ऑर्विल ओरडतो, "आली रे आली! पोरंबाळं आत घ्या!" मी म्हणते, "तू बोलू नकोस ऑर्विल, तुझ्या गाडीला परवा गोगलगायीनं हॉर्न दिला." सगळे हसतात. डेलसुद्धा. बिलिंग्जहून फोन करून म्हणतो, "आई, अडुसष्ट वय तुझं, अडुसष्टचा वेग नव्हे." पण आवाजात कौतुक असतं. आई बाबांवर गेली, म्हणत असेल मनात.

हार्लनवर जायला मला काय हरकत आहे. परवा तुझ्या लग्नाचा दिवस आठवला. पिकअपमध्ये आपण तिघं, तू मध्ये, मांडीवर नवरीच्या डोक्यावरच्या जाळीच्या व्हेलचा खोका, आणि हार्लन नव्वदनं चाललेला. समोरच्या काचेवरच्या उन्हाच्या झडपेखाली पाच-पाचच्या नोटा खोचलेल्या असायच्या, तेव्हा सगळेच खोचायचे. पोलीस थांबवायचा, पाच डॉलर घ्यायचा, वेगाची नव्हे, पेट्रोल वाया घालवल्याची पावती फाडायचा आणि टोपीला हात लावायचा. त्या दिवशी पहिल्यानं उरलेले शेवटचे पाच घेतले. दुसऱ्याच्या वेळी हार्लनकडे दहाचीच नोट निघाली. पोलीस म्हणाला, "सुटे नाहीत बुवा. असं करा, परत येताना असेच जोरात या, म्हणजे फिटंफाट." आणि तू व्हेलच्या खोक्यात तोंड घालून हसलीस की रडलीस, ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा वेग ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हती. अंतरं मोठी, रस्ते सरळ, समोर येणाऱ्याला नमस्कारादाखल स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून दाखवायची आणि पुढं जायचं.

तो पिकअप डेलनं नाताळनंतर विकला. तुला सांगितलं होतं. त्याच्या जागी ही नवी गाडी दिली. चांगली आहे. सीट गरम होते. पण विनी, ती काही बोलतच नाही. पिकअपमध्ये पन्नासला कप्प्याचं झाकण वाजायचं, साठला आरसा थरथरायचा, सत्तरला मागची हार्लनची अवजारं एकमेकांवर आपटायची. काट्याकडे बघायची गरजच नव्हती. या गाडीत वीस आणि ऐंशी सारखेच. चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं.

इथपर्यंत लिहून उठले होते. चहा केला. परत बसलेय.

विनी, मी काट्याकडे बघायची गरज नव्हती असं लिहिलं. खरं असं की मला काटा दिसत नाही. दोन वर्षं झाली. पाटीवरचे आकडेही दिसत नाहीत. जिथं बघावं तिथंच नेमकं नसतं, कडेचं तेवढं दिसतं. ऑर्विलकडे बघते तर त्याचे कान दिसतात आणि मधला ऑर्विल गायब. (त्यात त्याचं फार नुकसान नाही.) कुंपणाचे खांब वाकलेले दिसतात. समोरून कोण येतंय ते कळत नाही म्हणून मी सगळ्यांनाच बोटं उचलते. लोक म्हणतात, हार्लन गेल्यापासून ल्युसिल किती माणसाळली. मागच्या महिन्यात मी गवताच्या गंजीला बोटं उचलली.

तुला कॉन्व्हेंटच्या जेवणघरातलं चित्र आठवतं? माझ्या नावाची संत, आंधळ्यांची वाली, हातात ताटली, ताटलीत दोन डोळे. तू वर्षभर अंडं खाल्लं नव्हतंस. मी रोज रात्री तिच्याकडे मागते. ती ताटली काही पुढं करत नाही.

कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की लायसन्स जाणार, आणि लायसन्स गेलं की हे घर जाणार. गाव अडतीस मैलांवर आहे. डेल बिलिंग्जला खोली तयार ठेवून बसलाय, खोलीला पडदेसुद्धा लावलेत. म्हणून पावत्या मिळाल्या तेव्हा मला बरंच वाटलं. बेफाम म्हातारी म्हणून लोक हसतात. आंधळी म्हातारी म्हटलं की किल्ल्या काढून घेतात.

आता तिसऱ्या पावतीचं. कॅफेत मी जे सांगते त्यात एक माणूस गाळते.

पुलाजवळ रस्त्याचं काम चाललंय. तिथं थांबायची पाटी धरून एक मुलगी उभी होती, रस्त्याच्या मधोमध. जिथं मला काही नसतं, नेमकं तिथं. मला ती कडेला दिसली, तीही उडी मारल्यावर. पाटी माझ्या आरशाला लागून उडाली. मी थांबले तोवर मागून पोलीस आला. कोवळा पोरगा, त्याच्या आजोबांनी आमच्याकडून कितीदा पाच डॉलर घेतले असतील. म्हणाला, "आजी, पुन्हा तुम्हीच? पाटी दिसली नाही का?"

मी म्हटलं, "दिसली रे. घाई होती. ओव्हनमध्ये पाव ठेवून आलेय."

मुलगी मागं उभी होती. गुडघा खरचटलेला. ती म्हणजे केली, शेजारच्या आर्डिसची मुलगी, जिला तिच्या लहानपणी मी मांडीवर घेऊन वाचायला शिकवलं. तिनं माझं खोटं ऐकलं आणि पोलिसाला म्हणाली, "मीच जरा पुढं आले होते." मग खिडकीशी वाकून हळूच म्हणाली, "लूमावशी, तुम्ही सरळ माझ्याकडे बघत होतात."

त्याला आज आठ दिवस झाले. केलीनं घरी सांगितलं नाही. मी मात्र गुरुवारी कॅफेत जाऊन ओव्हनचा विनोद सांगितला, आणि सगळ्यांबरोबर आर्डिसही हसली. त्या रात्री तुझं पत्र आलेलं होतं. भिंग लावून वाचलं. टेसला पुढच्या सीटवर बसायचंय, लूआजीसारखं जोरात जायचंय, असं तू लिहिलं होतंस.

काल आर्डिसकडे चालत गेले. सव्वा मैल. सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. एक ताट ती फार वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "ल्युसिल, ती एकुलती आहे माझी." मी म्हटलं, "ठाऊक आहे." पुन्हा ताट. मला वाटलं आता जा म्हणेल. पण म्हणाली, "तुझ्या बहिणीच्या नातीचं विमान किती वाजता?"

म्हणजे अठ्ठावीसला टेसला आणायला आर्डिस जाईल, केलीला सोबत घेऊन. पंचावन्नच्या वर जात नाही ती, टेसला सांग धीर धर. मी मागच्या सीटवर असेन. डेलला मी रविवारी सांगणार आहे, विनोद न करता. मग डॉक्टर. मग पडद्यांची खोली, असेल तर असेल. पण हा उन्हाळा टेसबरोबर इथंच घालवायचा, एवढं मागून घेईन.

पाकीट जड लागलं असेल. आत गाडीची किल्ली आहे. दुसरी डेलकडेच आहे. ही इथं खुंटीला राहिली तर एखाद्या दिवशी जॅमच्या बाटल्या संपतील आणि मी म्हणेन, एवढंच तर जायचंय, रस्ता पाठ आहे. मला मी ओळखते. तू ती ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस.

पत्र टाकायला गेटपर्यंत पायी जातेय. वाटेत समोरून जो कोणी येईल त्याला बोटं दाखवीन.

दोन बोटं उचलून,
तुझी
लू