अण्णांचा अध्यक्ष

चामराजपेट, बेंगळुरू
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्राणेश,

अक्काचे आशीर्वाद. इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायला हात सवयीने निघालाच होता. आवरला. रेगुला बरी आहे ना? तुझ्या सासूबाईंना नवीन जागा मानवली का? तुमच्याकडे बर्फ पडायला लागलं असेल. इथे सकाळी स्वल्प गारठा असतो. तुला आवडायच्या त्या अवरेकाईच्या शेंगा बाजारात आल्या आहेत, पण सोलायला बसायला वेळ कुणाला आहे?

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, हे त्या निळ्या खुणांवरून कळतं. इतकी काही मी अडाणी नाही. म्हणून कागद घेतला. भार्गवी ऑफिस सुटल्यावर बेळ्ळंदूरहून येईल, ती याचे फोटो काढून तुला पाठवेल. लेकीला आईची अशी कामं करायची सवय झाली आहे.

अण्णा अजून हॉस्पिटलातच आहेत. पाऊल कापलं ती जखम भरत नाही. जेवण दोन घास. पण बोलणं तेच! नर्स पवित्रा ड्रेसिंगला आली की दुखणं विसरायला तुझी कथा सुरू होते. "नन्न मगा अध्यक्ष," माझा मुलगा अध्यक्ष, असं कानडीत सांगून मग पुढचं सगळं. मशीनच्या कंपनीत दोन वर्षांसाठी म्हणून गेलास, त्या डोंगरातल्या गावात राहिलास, त्यांची ती बोली शिकलास, गावच्या अग्निशामक दलात पाइप ओढलेस, मग पाणी समितीत बसलास. तुला नागरिक करून घ्यायचं की नाही, यावर म्हणे गावाची सभा भरली आणि लोकांनी हात वर करून तुला आपलं म्हटलं. कथा इथे आली की अण्णा उशीवरून हात उचलून दाखवतात. सलाइनची सुई हलते, पवित्रा ओरडते. मग गावाच्या मंडळावर निवडून आलास आणि मग गावाचा अध्यक्ष. "तिथे अध्यक्ष सकाळी नोकरी करतो आणि संध्याकाळी गाव चालवतो," हे वाक्य तर आता पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटलाही पाठ आहे.

तुझा भारतीय पासपोर्ट गेला तेव्हा हेच अण्णा चार दिवस कुणाशी बोलले नव्हते, आठवतंय? आणि आता बघ.

ऑपरेशनच्या आधी मी तुला विचारलं होतं, की पाऊल कापू द्यायचं का. तू लिहिलंस, "अक्का, आमच्या मंडळात नियम आहे. आपल्या माणसाचा विषय निघाला की सभासदाने उठून खोलीबाहेर जायचं. मन निष्पक्ष राहत नाही. मी इतक्या लांबून काय सांगणार? तू आणि डॉक्टर ठरवा, मला मान्य आहे."

मला राग आला, प्राणेश. अजून आहे. हा नियम गावच्या गटाराच्या कंत्राटासाठी असेल रे! बापाच्या पायासाठी कुणी केला? तुम्ही सगळे तिथे नियमाने बाहेर जाऊन बसता, आणि इथे खोलीत मी एकटी. एका बाजूला फॉर्म घेऊन उभा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला अण्णा. "प्राणेश काय म्हणतो?" एवढंच विचारत होते. आणि मी म्हणाले, "तो म्हणाला, करा." अण्णांनी डोळे मिटले. "अध्यक्ष म्हणतो तर मग सरी, ठीक आहे," म्हणाले. तुझ्या नावावर मी त्यांचं पाऊल दिलं. हे तुला सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. काळं वर चढलं आहे. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याच्या वरून कापावा लागेल, आणि हृदय बघता टेबलावरून परत येतीलच असं नाही. नाहीतर घरी न्या, दुखणार नाही अशी औषधं देऊ, जितके दिवस मिळतील तितके. सोमवारी सकाळी सांगा म्हणाले.

तू फोन का करत नाहीस, ते मला ठाऊक आहे. गणपतीपासूनच ठाऊक आहे. तुमच्या गावाच्या वेबसाइटवरचं जर्मन भार्गवीने कसंतरी मराठीत करून वाचून दाखवलं. वृद्धाश्रम बंद करायचा ठराव आला. तुझी सासू तिथे राहते म्हणून तू नियमाने बाहेर गेलास. आत मतं समसमान पडली, उपाध्यक्षाने पारडं फिरवलं आणि आश्रम बंद झाला. म्हाताऱ्यांना खालच्या गावात हलवलं. तू आत असतास तर वाचला असता, या रागाने निवडणुकीत लोकांनी तुला पाडलं. वाचून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. नियम पाळून माणूस तोंडावर पडतो, ते काय कमी आहे? पण अण्णा फोनवर "काय अध्यक्ष!" म्हणतील या भीतीने तू फोनच बंद केलास, याचं जास्त वाईट वाटलं.

आता आज सकाळचं सांगते. ते लिहायचं म्हणून तर एवढं सगळं लिहिलं.

मी पेज भरवत होते. अण्णा म्हणाले, "वसू, तो हरला ना?" मी वाटीतली पेज ढवळत राहिले. "भार्गवी बाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होती. पाय सडला, कान नाही सडले." मग म्हणाले, "मागच्या वेळी पण त्याने काही सांगितलं नव्हतं. हो की नाही?"

मी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून. पण तू एकटी पडली होतीस. मी नको म्हणालो असतो तर जन्मभर तुझ्या डोक्यावर बसलं असतं. म्हणून सरी म्हणालो."

प्राणेश, मी तिथे त्यांच्या समोरच रडले. पवित्राने पडदा ओढून घेतला.

मग म्हणाले, "या वेळी त्याला खरंच विचार. अध्यक्ष नाही आता तो. आता त्याला आत बसायला काय हरकत आहे?"

माझं मत हवं असेल तर सांगते: अण्णांना घरी आणावं. पण हे एकटीने म्हणायची माझी छाती नाही. तू काप म्हण, घरी ने म्हण, मी तुला कधी बोल लावणार नाही. विमानाने येणं जमलं तर ये, नाही तर नको. पण रविवारी फोन कर, आणि माझ्याशी नाही, त्यांच्याशी बोल. ते काही विचारणार नाहीत. फोन मी त्यांच्या कानाला धरून उभी राहीन.

खोलीतच बसलेली,
तुझी अक्का
वसुमती