समुद्राकडून लिहिलेली वही

अहो,

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नव्हतं. लग्न ठरल्यावर तुम्ही मला दोन लिहिलीत, पण आमच्याकडे पोस्टमनकडून पत्र आधी वडील घ्यायचे, मग मी कसलं उत्तर लिहिते! आज लिहायला बसले, कारण दुपारी मुरगूडचे दस्तगीरभाई घरी येऊन गेले आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले. हेच खोटं गेलं सव्वा वर्ष मी सगळ्यांना सांगतेय. निदान तुमच्याजवळ तरी कबूल करावं.

तुमचा फोन मी बंद केलेला नाही. पमी पुण्याहून दर वेळी बजावते, आई, बाबांचं ते सिम बंद करून टाक. मी हो म्हणते आणि रिचार्ज मारून येते. शुक्रवार-शनिवार आला की फोन सुरू होतो. काका, गगनबावड्यातून खाली उतरल्यावर जेवायला कुठं थांबू? काका, देवगडात सायकली आत घेऊ देईल असं घर हाय काय? तुमचा नंबर सायकलवाल्यांच्या कुठल्या ग्रुपात गेलाय कोण जाणे. गडमुडशिंगीचा माणूस विचारतो, तसा सांगलीचाही विचारतो.

पहिला फोन आला तो नेमका तेराव्याला. घर माणसांनी भरलेलं, मी स्वयंपाकघरात. पलीकडून एकाने विचारलं, "काका हायत काय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेर गेलेत." तो म्हणाला, "सायकलवर आसतील, दुसरं कुठं जात्यात." मी म्हणाले, "व्हय." इतकं बरं वाटलं मला त्या क्षणी! घरात सगळे तुमच्याबद्दल हळू आवाजात बोलत होते आणि हा एकटा माणूस तुम्ही कुठल्या तरी घाटात पायडल मारताय असं समजून होता. मग मीही तेच धरून ठेवलं.

"वही आहे माझ्याकडे, बघून सांगते," असं मी म्हणायचे. ती निळ्या पुठ्ठ्याची वही. कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, तुम्ही कोल्हापुरातून समुद्राकडे जायचे जेवढे म्हणून रस्ते आहेत तेवढे सायकलने पालथे घातलेत. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, पंक्चरवाला जेवायला कधी जातो, कुठली एसटी सायकल टपावर घेते, सगळं तुमच्या त्या तिरक्या अक्षरात. दर दिवाळीनंतर सगळे रस्ते परत फिरून यायचात आणि पानावर लाल पेनने खूण करायचात. "पाऊस झाला की घाट बदलतोय. जुनं सांगणं म्हंजे लोकांस्नी फसवणं," म्हणायचात. मला ते वेड वाटायचं. दिवाळीच्या सुट्टीत पमीची मुलं घरात आणि आजोबा खारेपाटणला, यावरून मी तुम्हाला काय कमी बोलले आहे?

दोन शनिवारांपूर्वी दस्तगीरभाईंचा फोन आला. वाटेत थांबून बोलत होते, विजयदुर्गाला निघाले होते, सोबत त्यांचा मेहुणा. "काकी, खाडीच्या अलीकडं त्यो पिंपळाचा फाटा हाय न्हवं, तिथं कुठं वळायचं? काकांस्नी इचारा की."

बाहेर गेलेत, म्हणाले. वही उघडली, पानावरून बोट फिरवलं, ओळ सापडली. पिंपळाचा फाटा, डावीकडे. मी सांगितलं, डावीकडे.

"काकांनीच लिवलंय न्हवं? मग झालं," म्हणाले आणि फोन ठेवला.

डावीकडे तुमची ती गोड्या पाण्याची विहीर नव्हती. डावीकडे उघड्या कातळाचा सडा होता आणि चिऱ्याच्या खाणी. सावलीला झाड नाही, विचारायला माणूस नाही, वर दिवाळीनंतरचं ऊन. तरी ते दोघं पुढे जात राहिले, कारण काका चुकत नाहीत. बाटल्या संपल्या. मेहुण्याला चक्कर आली आणि तो सायकलसकट कातळावर आडवा झाला. खाणीवरच्या डंपरमधून त्याला खाली आणावं लागलं. खुबा मोडलाय. ऑपरेशन झालं, पण सायकल त्याला आता कायमची बंद.

आजही मी तुम्ही बाहेर गेलात म्हणाले, आणि हे सगळं दस्तगीरभाईंनी समोर बसून सांगितलं. राग नव्हता हो त्यांच्या बोलण्यात. "माझी तक्रार न्हाय काकी. पर काकांचं कवा चुकत न्हाय, म्हनून म्हटलं वही एकदा बघावी."

मी वही दिली. त्यांनी ते पान नीट वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हितं बघा. खाली शेवटाला 'घर' लिवलंय."

त्यांनी मागची पुढची पानं उलटली. प्रत्येक रस्त्याच्या शेवटच्या ओळीत तोच एक शब्द.

"काकांनी समुद्राकडनं वर लिवलंय सगळं, येतानाचं. आपुन जाताना वाचलं. तिकडनं येताना डावं, ते हिकडनं जाताना उजवं हुतंय." मग म्हणाले, "बरोबरच हाय त्यांचं. जाताना उतार आसतोय, कोनबी जातंय. येताना घाट चढायचा आसतोय, जीव तितं निघतोय. वही येतानाचीच पायजे."

अहो, हे परक्या माणसाने दोन मिनिटांत ओळखलं. मी इतकी वर्षं तुमच्या बरोबर संसार केला आणि मला माहीत नव्हतं!

तुम्ही सांगितलं असणार. नक्की सांगितलं असणार. मी शिलाई मशीनवर बसायचे आणि तुम्ही समोर वही उघडून बोलत राहायचात. मी हं, हं म्हणायचे. एकदा तुम्ही विचारलंत, "ऐकतीस काय गं?" मी म्हणाले, ऐकतेय की, आणि ब्लाउजच्या बाहीला टीप मारत राहिले. त्या दिवशी काय सांगत होतात? तेच का?

पण तुमचंही चुकलंच. पहिल्या पानावर एक ओळ लिहायला काय झालं होतं? फोन कायम तुम्हीच उचलणार असं धरून चालला होतात. पाच दिवसांच्या तापात सगळं आटोपून निघून गेलात आणि वही मात्र स्वतःपुरती ठेवून गेलात.

निघताना दस्तगीरभाई बोळात थांबले. तुमची सायकल तिथेच आहे, मी हलवलेली नाही. त्यांनी सहज हात लावावा तसा मागचा टायर दाबला. टायर रिमला टेकलेला. पुढचा दाबला, तोही तसाच. चेनवर गंज चढलाय, तोही त्यांनी पाहिला असणार. सायकलवाल्याला आणखी काय सांगायला हवं? ते माझ्याकडे न बघता चपला घालायला लागले.

मग म्हणाले, "काकी, काका आलं की त्यांस्नी माझं ह्ये सांगू नका. वाईट वाटंल त्यांस्नी."

मी म्हणाले, "बरं."

मागे दार लावलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. त्यांना कळलं होतं. तरी माझं खोटं त्यांनी मोडलं नाही.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. या सव्वा वर्षात मी आणखी किती जणांना चुकीचं वळवलं? सगळे काही घरी येऊन सांगणार नाहीत. म्हटलं, ती राहिलेली ओळ आपण लिहावी. पेन घेतलं आणि लाल खुणा दिसल्या. शेवटची खूण दोन पावसाळ्यांपूर्वीची. आता त्या विहिरी आहेत का, तो पंक्चरवाला आहे का, रस्ता तरी आहे का, मला काय माहीत? मी सायकलवर कधी बसलेसुद्धा नाही. पमीला यात रस नाही. ओळ लिहून वही काही जिवंत होणार नाही. पेन ठेवून दिलं.

लोक म्हणतात दिवस गेले की दुःख कमी होतं. माझं झालं नाही, कारण मी त्याला सुरूच होऊ दिलं नाही. दर शनिवारी कुणीतरी तुम्हाला काका म्हणून हाक मारायचं आणि माझा आठवडा निघायचा. त्यासाठी एका माणसाचा खुबा गेला. तुमचं नाव आजवर कुणी चुकीत घेतलं नव्हतं, ते मी घ्यायला लावलं.

म्हणून हा शब्द देते. आता फोन आला की वही उघडणार नाही आणि बाहेर गेलेत म्हणणार नाही. खरं आहे ते सांगेन. मग फोन यायचे थांबतील, एकेक करून सगळेच थांबतील, आणि तुम्हाला विचारणारं कुणी उरणार नाही. ते मला ठाऊक आहे.

पण खरं सांगायला लागणारा शब्द मी अजून तोंडातून काढलेला नाही. पमीशी बोलताना पण 'हे नसताना' म्हणते. उद्या शनिवार. फोनवर जीभ अडायला नको, म्हणून इथे एकदा लिहून बघते.

तुम्ही वारलात.

तुमची,
शालन