नमुन्यावरचा निळा डाग

मंगळवार, संध्याकाळी सात

तो निळा डाग डोळ्यांसमोरून जात नाही. पात्याच्या टोकापाशी, नखाएवढा.

खिशातल्या चाकूंचं वेड असलेल्या आमच्या ग्रुपसाठी जुन्या पद्धतीचे फक्त चाळीस घडीचे चाकू करून घ्यायचे, ही कल्पना माझीच. पनवेलच्या रामाकाका लोहारांनी महिनाभर खपून नमुना केला. शिसवी मूठ, पितळी खिळे, मिटताना छान टक् आवाज. पात्यावर भट्टीचा काळेपणा तेवढा होता. फोटोत वाईट दिसेल म्हणून मी काकांना न विचारता स्टेशनजवळच्या वर्कशॉपमध्ये मशीनवर पॉलिश करून आणलं. कशाला? कोणी सांगितलं होतं मला?

आज नमुना त्यांना दाखवायला नेला. ते काही रागावले नाहीत. नुसता डागावरून अंगठा फिरवत राहिले.

"मशीनवर तापलाय. पोलादाचं पाणी उतरलं. आता याची धार टिकनार नाय."

"काका, आपण दुसरा करू ना."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं थरथरत होती. "एक झाला, तोच कसा झाला ते मला माहीत हाय. आता नाय होनार, भाऊ. तुमी दुसरा कोन बघा."

दुसरा कोण आहे इथे?

घरी येऊन ग्रुप उघडला. फोटो सकाळीच टाकला होता. सगळ्यांना तो निळा डागच आवडलाय. एकाने विचारलंय, चाळीसही चाकूंवर असाच येईल का. एवढे जाणकार, एकालाही कळलं नाही.

मला तरी कुठे कळलं होतं.