मुराळ्याची गाडी

३ मार्च, सोमवार
पद्मिनी गाडीची चटई उचलली. खाली पत्रा नाहीच. ड्रायव्हरच्या पायाखालून थेट फरशी दिसते. रमणभाई टिनकामवाले वाकून बघत म्हणाले, "साहेब, आ तो बारी छे." खिडकीच म्हणे. माझा थोरला भाऊ आप्पा मागून : "बरं शे. उन्हायामा हवा लागी."
खालच्या मजल्यावर आमच्या आठ लूम्स होत्या. त्या गेल्या, लूम्सचं खातं रिकामं झालं, तेव्हापासून गाडी तिथे उभी. फरशीतून लूम्सचे बोल्ट अजून वर आलेले आहेत, टायर जपून फिरवावे लागतात. गाडी आप्पाच्या जुन्या शेठची. आप्पा त्यांच्याकडे लूम-मास्तर होता, अधूनमधून शेठला फिरवायचाही.
आज आप्पाने जाहीर केलं : आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, गाडी अमळनेरला. मुराळी म्हणून स्वतः जाणार, बहिणीला, शांताला, माहेरी घेऊन येणार. गेल्या वर्षी आमच्यापैकी कोणीच गेलं नाही. भाऊ न्यायला आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे शांताने सत्तरीतही सोडलेलं नाही. तिच्या गल्लीतल्या सगळ्या माहेरी गेल्या, ती एकटी राहिली.
अठ्ठावन्न दिवस. मी पस्तीस वर्षं वर्तमानपत्राची पानं वेळेवर सोडली. भरपूर आहेत.

८ मार्च, शनिवार
आप्पाला चष्म्याचा नंबर बदलायचा होता म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यात. यंत्रात डोकं घालून, दिवा दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ चाललं. नंतर आप्पाच्या डोळ्यांत थेंब घालत होते तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं.
काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं गेलंय. डावीकडचं जास्त. गेलेलं परत येत नाही. गाडी बंद. "तुम्ही सांगता की मी सांगू?"
म्हटलं, मी सांगतो.
परतताना स्कूटरवर आप्पा मागे. "काय सांगं डाक्टरनी?" म्हटलं, थेंब. सकाळ-संध्याकाळ.
वाक्य खरं होतं. बातमी अर्धी.

१४ मार्च, शुक्रवार
धुळवड. काम बंद. रमणभाई हिरवे-जांभळे होऊन दारात उभे, आप्पाने त्यांना गाडीला हात लावू दिला नाही.
इतके दिवस कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? बहुधा असं. लूम्सच्या खात्यात कानाने काही कळत नाही, सगळंच खडखडतं. आप्पा मशीनवर तळवा ठेवायचा आणि सांगायचा, हिचा पट्टा ढिला आहे, तिचं बेअरिंग जाणार. गाडीचंही तो तसंच करतो. तळव्याने पत्रा तपासतो, बोटांनी नट शोधतो. डोळ्यांची गरज त्यालाच कमी भासते, तर आम्हाला काय कळणार.
काल मात्र डाव्या दाराची कड घासायची राहून गेली होती. हात तिकडे गेला नव्हता.

१९ मार्च, बुधवार
तळाचा पत्रा बसला. आप्पाने ब्रेक लावले, म्हणजे चारही चाकांचे ड्रम स्वतः जुळवले. गल्लीच्या उतारावर ढकलून पाहायचं ठरलं. स्टेअरिंगला आप्पा, शेजारी मी, मागून रमणभाई. गाडी माणसाच्या चालीने निघाली. आप्पाने पॅडलला पाय नुसता टेकवला, गाडी जागच्या जागी थांबली. माझं कपाळ काचेवर, रमणभाई डिकीवर.
"धागा तुटना का लूम आशीच थांबाले पायजे," आप्पा.
म्हटलं, लूममध्ये माणसं बसत नाहीत.
रमणभाई नाक चोळत : "आप्पा, घाटमां आवुं करशो तो पाछळनी ट्रक अंदर आवी जशे."
शेवटी ठरलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. भंगार बाजारातून दुसऱ्या एका छोट्या गाडीचा सेट आणला. तो इथे बसायला दोन ब्रॅकेट लेथवर कातून घ्यावे लागतील. मापं मी नेऊन दिली.

२७ मार्च, गुरुवार
ब्रॅकेट सोमवारीच तयार झाले. लेथवाल्याचा फोन आला होता. आणायला गेलो नाही.
आप्पाला सांगितलं, लेथवाला गावाला गेलाय.
मुदत चुकवणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली. त्यांची कारणं ऐकून घ्यायची, मग त्यातलं खोटं कुठलं ते बाजूला काढायचं, हे माझं काम. आता कळतं, चुकवणाऱ्यालाही बरीच मेहनत असते. गाडी अर्धवट राहिली तर आखाजी निघून जाईल, आणि मला काही सांगावं लागणार नाही. एवढाच बेत. फार चांगला नाही.

३० मार्च, रविवार
पाडवा. गुढी उतरवताना वहिनी :
"भाऊजी, चहा डावीकडे ठेवला तर ह्यांना सापडत नाही. मग माझ्यावर ओरडतात, चहा दिलाच नाही म्हणून. तुम्हाला काही माहीत आहे का?"
सांगितलं. त्या साखरेची गाठी हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर भांडण, तुम्ही सांगितलं तर बातमी."

६ एप्रिल, रविवार
जुना डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवला. इग्निशनही नवं. दु. चार वाजता इंजिन सुरू. शेजारपाजारचे सगळे जमले. धुराने खातं भरलं.
आप्पाने बॉनेटवर तळवा ठेवला. "तिसरा उचकी मारी राह्यना." तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बदलला. उचकी थांबली. एका पोराने विचारलं, काका, ऑटोमॅटिक है क्या? आप्पा म्हणाला, हां, मेरा हात ऑटोमॅटिक है.
बऱ्याच दिवसांनी असा हसला. मग माझ्याकडे वळून : "ब्रॅकेट?"
येतील, म्हटलं.

९ एप्रिल, बुधवार
मी टेबलाशी, सदर लिहीत होतो. सहाला पाठवायचं. आप्पा वर आला आणि कागदावर पिशवी ठेवली. जड. ब्रॅकेट. रिक्षा करून स्वतः गेला होता.
"दोन हप्ता व्हयनात तयार व्हईसन. लेथवाला गावले गयाच नई. कसाले, नाना?"
सांगितलं. पाच-सहा वाक्यांत. काचबिंदू, बाजूचं, डावीकडचं, परत येत नाही, गाडी बंद.
त्याने पिशवी परत उचलली. मग म्हणाला, "डोया मन्हा, आन् सांगं तुले."
जिना उतरताना हात भिंतीला लावून उतरला. नेहमीच तसा उतरतो. आज दिसलं.
सदर पावणेसहाला गेलं.

१३ एप्रिल, रविवार
चार दिवस बोलणं नाही. खालून पान्याचे आवाज येतात. रमणभाई सांगतात, ब्रॅकेट बसले, एक बाजू झाली. मी चहा घेऊन जातो. उजव्या हाताला ठेवतो. तो घेतो. माझ्याकडे बघत नाही, किंवा मी त्याच्या बघण्यात येत नाही. दोन्हींतलं कुठलं, ते ठरवता येत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार
दु. हाक आली. "नाना, खाले ये."
आप्पा गाडीत, ड्रायव्हरच्या जागी. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. म्हणाला, डाव्या दारापाशी उभा राहा. मग हळूहळू पुढे चाल. दिसलास की सांगेन, तिथे थांब.
दारापासून निघालो. मडगार्ड ओलांडलं. डावा दिवा ओलांडला. वळून गाडीच्या पुढे आलो. जवळजवळ नंबरप्लेटपाशी पोचलो तेव्हा म्हणाला, "आते."
"खडू मार."
फरशीवर रेघ मारली. मग उजवीकडून तसंच. तिकडे थोडं आधी म्हणाला, उजव्या दिव्याशी. दुसरी रेघ.
उतरला. दोन रेघांच्या मध्ये उकिडवा बसला आणि वितीने अंतर मोजलं. पुन्हा मोजलं.
"इतलंच?"
"इतलंच," मी म्हटलं.
रेघा पायाने पुसल्या आणि पाना उचलला. उजवं चाक अजून बसायचं होतं.

२२ एप्रिल, मंगळवार
डिस्क बसले, सीटचे पट्टे बसले, रंग वाळला. पांढरा, पूर्वीसारखा. कडोदऱ्यापर्यंत चाचणी. मी चालवली. आप्पाने डावं दार उघडलं. स्टेअरिंगजवळचा गिअर मी पहिल्यांदाच हाताळला, दोनदा भलताच पडला. आप्पा तळवा डॅशबोर्डवर ठेवून बसला होता. "क्लच पुरा दाब," एवढंच म्हणाला. डावीकडून एक टेम्पो आत घुसला. मी ब्रेक मारला. आप्पाचं अंग दचकलं ते ब्रेकने, टेम्पोने नाही.
घरी आल्यावर : "ब्रेक बरा शे. घाटमा पाही लिसू."
घाट म्हणजे कोंडाईबारी. तिथे चालवणार कोण, ते तो म्हणाला नाही, मी विचारलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार
शांताचा फोन. आप्पाने स्पीकर लावला.
"मुराळी कोण ई राह्यना?"
"मी."
"आन् गाडी कोण चालाडी?"
"ब्रेक नवा शे."
"मी ब्रेकनं इचारं का?"
आप्पाने फोन माझ्या हातात दिला आणि कापड घेऊन काच पुसायला लागला. स्पीकर बंद करून तिला सगळं सांगितलं. ह्या वेळी पूर्ण. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाना, आखाजीच्या गाण्यांत मुराळी येतो, शालू आणतो, पाणी पितो, बहिणीला बसवतो. गाडी हाकतो कोण, ते एकाही गाण्यात नाही. त्याला सांग. पण तो आला पाहिजे. एकटा तू आलास तर मी नाही निघणार."
जसंच्या तसं आप्पाला सांगितलं. तो काच पुसत राहिला. स्वच्छ झाल्यावरही.

२९ एप्रिल, मंगळवार
स. साडेसहा. ऊन आलंय. वहिनींनी दशम्या बांधल्या, शांताच्या लुगड्याची पिशवी दाराशी. उद्या आखाजी, आज पोचायचं, उद्या पहाटे तिला घेऊन परत.
किल्ली खिळ्यावर नाही. आप्पा आंघोळ करून केव्हाच खाली गेला. टोपी घालून.
आत्ता गाडीचं दार वाजलं. एकच. कुठल्या बाजूचं, ते वरून कळत नाही. वहिनी जिन्यात उभ्या आहेत, माझ्याकडे बघताहेत.
इंजिन अजून सुरू केलेलं नाही.
जातो.