रेघ आधी मला दिसली

हडपसर

चि. सौ. उलरिके, तुझ्या दंडांना माझा आशीर्वाद.

तुला मराठी वाचता येत नाही आणि माझा लेक संपत वाचून दाखवताना अर्धं गाळेल, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही.

जर्मनीची चॅम्पियन सून म्हणून गल्लीत मी इतकी वर्षं मिरवले, पण तुझी शर्यत काल टीव्हीवर पहिल्यांदा बघितली, तीही शेवटची. नात झाल्यावर सगळे म्हणाले, आता कसली होडी अन् कसली वल्ही! मी मात्र डिंकाचे लाडू पाठवत राहिले.

शर्यत सुटली आणि मी ओरडले, "अगं फिर! पुढं तोंड कर!"

शेजारची नसीमबानू म्हणाली, "मुक्ताबाई, वल्ही मारणाऱ्या सगळ्याच पाठमोऱ्या बसल्यात. गप बघा की."

दुसरी होडी अगदी खेटून होती. तू हातभर आधी रेघ ओलांडलीस. आम्ही दोघी नाचायला लागलो, तरी तुझा चेहरा रडवेलाच. मग मान वळवून तू निकालाची पाटी बघितलीस आणि हसलीस.

येशील तेव्हा दारात ओवाळीन. तेवढं मात्र माझ्याकडं तोंड करून उभी राहा.

तुझ्याआधी जिंकलेली,
तुझी सासू
मुक्ताबाई