युती, आघाडी, माघार

६ जानेवारी
सरांनी प्रबंधाचं चौथं प्रकरण परत पाठवलं. फ्रान्समधले मध्यापासून जरा उजवीकडचे लहान पक्ष अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मोठ्या पक्षामागं कसे उभे राहतात, एवढंच त्यात आहे. दर पानावर 'युती'ला लाल गोल. "मॅडम, युती म्हटलं की लोकांना इथलीच आठवते. आघाडी करा." मार्गदर्शक ते, सही त्यांची. केलं. अख्खी दुपार गेली.

९ जाने.
आता 'आघाडी' नको! विद्यापीठाच्या सिनेटच्या निवडणुकीत सरांच्या पॅनेलनं पलीकडच्यांशी हातमिळवणी केली म्हणे, अन् तिचं नाव 'आघाडी'. परत युती. डोकं फिरलं. नितीन म्हणतो, "दोन्ही खोड अन् सोयरीक लिही. आमच्या फुलंब्रीत समद्यांना कळंल." नवरा असावा तर असा. हसू नंतर आलं.

१५ जाने.
टी.वाय.चा तास. फ्रान्सच्या दोन फेऱ्या शिकवल्या. पहिलीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाही मिळाली तर दुसरीत वरचे दोघंच. पण माझ्या प्रबंधातला असा लहान पक्ष बऱ्याचदा पहिलीतसुद्धा उभा राहत नाही. मोठ्याला पाठिंबा देतो, बदल्यात संसदेच्या काही जागा. सिल्लोडची आफरीन उठली, "मॅडम, मग ते मोठे कवा होनार?" म्हटलं, होतील कधीतरी. रिक्षात तेच डोक्यात.

२१ जाने.
कॉलेजात कायम जागा निघाली. एकच. इतकी वर्षं तासिकेवर काढली, आता तरी... सरांचा फोन आला. वाटलं, अर्ज करा म्हणतील. "या वेळी राहू द्या मॅडम, आमचा पुतण्या आहे. पुढच्या वेळी तुमचंच. तुम्ही समजूतदार आहात." मी 'बघते सर' म्हणाले. बघते काय! स्वतःचाच राग आला.

२३ जाने.
प्रकरणाचं शेवटचं पान तपासून आलं. माझं वाक्य: 'लहान पक्षाने पहिल्या फेरीआधीच माघार घेतली.' सरांनी 'माघार घेतली' खोडून वर लिहिलंय, 'समजूतदारपणा दाखवला'. लाज नाही या माणसाला. की त्यांच्या लक्षातच आलं नाही? ते तर जास्तच वाईट.
नितीन: "सही होऊ दे आधी. मंग भर अर्ज."
अर्जाची मुदत सहीच्या आधी संपते. सांगितलं. मग म्हणाला, "लई अवघड हाय."
व्हय, हाय.

२७ जाने.
दुपारी अर्ज भरला.  मग औरंगपुऱ्यात जाऊन प्रबंधाची प्रिंट काढली. गाडी लावायला जागा नाही, दुकानात उभं राहायला जागा नाही. 'युती' ठेवलंय, सरांच्या समाधानासाठी. 'माघार'ही ठेवलंय.
उद्या सरांकडे सहीला जायचं. सही नाही मिळाली तर प्रबंध पडून राहणार, माहीत आहे. नितीन म्हणतो, "ते पान मधीच दाबून दे. वाचायचे नाय ते."
मी त्याच पानात खूण घालून ठेवली आहे.